अभ्यास सुटलेला शब्द

पाच वर्षांच्या पोरीला कुणी गोड म्हटलं, तर तिच्या आत्यानं विचारात पडायचं काही कारण नाही. पण मी पडले खरी. पंचवीस मार्चची दुपार होती. अथेन्सच्या निआ स्मिर्नी भागात भावाच्या घराखाली, फुटपाथवर, भाची हिरव्या खणाचं परकर-पोलकं घालून उभी होती. पाडवा होऊन तीनच दिवस झाले होते आणि ते कपडे अंगावरून उतरवायला ती तयार नव्हती. शिवाय तो ग्रीसचा स्वातंत्र्याचा सण. शाळांच्या संचलनाहून परतणारी मुलं चुण्याचुण्यांचे पांढरे घागरे (मुलगेसुद्धा!), नक्षीची जाकिटं, लाल गोंड्याच्या टोप्या अशा थाटात हिंडत होती, त्यात हिचा खण सहज खपून गेला. तळमजल्यावरच्या याया, म्हणजे आजी, कशासाठी तरी दार उघडून बाहेर आल्या. त्यांच्यामागून तळणाचा आणि कच्च्या लसणाचा वास आला. पोरीकडे बघून त्या थबकल्या, ओले हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले, तिचा गाल दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, ‘ती खारितोमेनी!’

ग्रीकमधलं ‘ती’ म्हणजे ‘काय’, ‘किती’. किती गोड! बाईंचं म्हणणं एवढंच होतं. मोबाइलवर मांजराच्या पिल्लाचा फोटो पाहून आपण ‘क्यूट’ म्हणतो, तितकंच साधं. पण दोन-तीन तासांपूर्वी हाच शब्द मी चर्चमध्ये ऐकला होता. वहिनीनं हौसेनं नेलं होतं. काडीएवढ्या बारीक, मधाचा वास येणाऱ्या मेणबत्त्या वाळूत खोचलेल्या, धुपानं डोळे चुरचुरत होते, आणि समोर लूकच्या शुभवर्तमानातला उतारा हेल काढून म्हटला जात होता. देवदूत मरियेकडे येतो तो प्रसंग. ‘हेरे, केखारितोमेनी, ओ किरिओस मेता सू.’ एवढी एक ओळ मला कळली, आणि कळली म्हणून अंगावर काटा आला. सकाळी देवदूताच्या तोंडी असलेला शब्द दुपारी माझ्या भाचीच्या गालावर येऊन बसला होता. मधे फक्त एक अक्षर गळालं होतं.

सुरुवातीचा ‘के’.

त्या ‘के’शी माझी ओळख फार जुनी आहे, ग्रीकचा गंधही नव्हता तेव्हापासूनची. बाबा वाईला शाळेत संस्कृत शिकवायचे. घरात परोक्षभूतकाळाची रूपं आरतीसारखी म्हटली जायची. बभूव बभूवतुः बभूवुः. धातूचं पहिलं अक्षर दोनदा म्हणायचं, भू-भू, आणि मग पहिल्या ‘भ’मधला हकार काढून घ्यायचा: बभूव. ‘दोनदा धापा टाकायला कुणाला आवडतं?’ असं बाबांचं स्पष्टीकरण. या दुपटीतल्या पहिल्या तुकड्याला पाणिनीनं दिलेलं नाव ‘अभ्यास’. पूर्वोऽभ्यासः. आणि हकार काढायचा नियम, अभ्यासे चर्च. हे ‘चर्च’ ऐकून आम्ही भावंडं खो खो हसायचो. चर + च अशी त्याची फोड बाबा दर वेळी तितक्याच गंभीरपणे करायचे. मला आठवीपर्यंत वाटायचं की ‘अभ्यासाला बस’ म्हणजे याच अभ्यासाला बस.

ग्रीक शिकले ते पुढे पुण्यात, एम.ए. करताना, संध्याकाळी, एका फादरांकडे. फादर गोव्यातल्या बार्देशचे. मराठी उत्तम बोलत, रागावले की कोंकणीत जात. पहिल्याच महिन्यात त्यांनी फळ्यावर ‘खारितोओ’ हे क्रियापद लिहिलं आणि त्याचं पूर्णकाळाचं रूप करायला सांगितलं. मी म्हटलं, पहिलं अक्षर दोनदा घ्यायचं आणि हकार काढायचा; ख-चा होईल क. त्यांनी खडू खाली ठेवला. ‘हें तुका कोणें शिकयलें?’ मी म्हटलं, पाणिनीनं. मग अर्धा तास ते ग्रासमानबद्दल बोलत राहिले. प्रशियातल्या श्टेटिनच्या शाळेतला हा गणिताचा मास्तर. 1844 मध्ये त्यानं गणिताचं मोठं पुस्तक लिहिलं, ते कुणी वाचलं नाही. तेव्हा गडी संस्कृतकडे वळला, (पुढे ऋग्वेदाचा कोशही करून बसला) आणि 1863 मध्ये त्यानं दाखवलं की एकापाठोपाठ दोन महाप्राण, म्हणजे ख-भ सारखी हकाराची व्यंजनं, आली तर पहिला आपला हकार सोडतो, संस्कृतातही आणि ग्रीकमध्येही. भू-चं बभूव होतं तसं त्याच मुळाच्या ग्रीक धातूचं ‘पेफुका’ होतं. त्या दिवशी घरी फोन करून मी बाबांना हे सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘बघ. म्हणजे त्यांनाही धापा नको होत्या.’

शेवटचं ‘मेनी’ही आपल्याच नात्यातलं. वर्तमान, विद्यमान, यजमान यांतला जो ‘मान’, तोच ग्रीक ‘मेनोस’, स्त्रीलिंगी ‘मेनी’. (बुद्धिमानातला मान वेगळा, तो मतुप् प्रत्ययाचा, इथे चुकलं की बाबा पट्टी शोधायचे.) फादर जुन्या पाठशाळेच्या पद्धतीनं ‘केखारितोमेने’ म्हणायला शिकवत. आज ग्रीसमध्ये त्या शेवटच्या एकारान्ताचा ईकार झाला आहे, आणि ‘खाइरे’चा ‘हेरे’. त्यामुळे चर्चमध्ये तो शब्द कानावर पडला तेव्हा ओळखीचा माणूस दाढी काढून समोर आल्यासारखं क्षणभर झालं.

आता हा शब्द म्हणजे नेमकं काय? खारिस म्हणजे कृपा, प्रसाद, लावण्य, उपकार, सगळंच. ‘खारितोओ’ म्हणजे एखाद्याला त्या खारिसनं युक्त करणं. त्याचं कर्मणी, पूर्णकाळाचं, स्त्रीलिंगी धातुसाधित म्हणजे केखारितोमेनी. मराठीत सांगायचं तर ‘लेली’. ‘दार उघडलं’ आणि ‘दार उघडलेलं आहे’ यांत जो फरक, तो ग्रीकमध्ये त्या ‘के’नं दाखवला जायचा. दार उघडलं म्हणजे आवाज झाला, कडी वाजली, पुढे काय झालं देव जाणे. उघडलेलं आहे म्हणजे ते केव्हा तरी उघडलं आणि आत्ता, आपण बोलतोय तेव्हाही, वारा आत येतोय. देवदूत मरियेला नावानं हाक मारत नाही, या धातुसाधितानंच मारतो. ती घाबरते तीही देवदूत दिसला म्हणून घाबरली असं लूक लिहीत नाही. हे कसलं अभिवादन, असा विचार तिच्या मनात येतो म्हणतो. व्याकरणानं घाबरलेली बाई साहित्यात दुसरी कुठे असेल असं मला वाटत नाही.

या एका शब्दावरून ख्रिस्ती जगात जे काही झालं, ते फादर मिटक्या मारत सांगायचे. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमनं केलं ‘ग्रातिया प्लेना’, कृपेनं पूर्ण. सुंदर, पण धातुसाधित गेलं, विशेषण उरलं. लूकला ‘कृपेनं पूर्ण’ म्हणायचं असतं तर त्याला ते येत होतं. प्रेषितांच्या कृत्यांत, म्हणजे त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात, स्तेफानबद्दल त्यानं ‘प्लेरेस खारितोस’ असं लिहिलेलंच आहे. बायबल जर्मनमध्ये आणणारा ल्यूथर तर जेरोमवर उखडलाच. 1530 च्या पत्रात तो लिहितो की ‘कृपेनं भरलेली’ म्हटलं की जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे बिअरनं भरलेलं पिंप नाहीतर पैशांनी भरलेला बटवा येईल. सरळ ‘प्रिय मरिये’ म्हणा की! इथे फादर पोट धरून हसायचे आणि मग एकदम हळवे होऊन त्यांच्या आईची संध्याकाळची तेर्साची, म्हणजे जपमाळेची, प्रार्थना म्हणायचे: ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’. त्यांचं म्हणणं, आमच्या कोंकणीनं घेतलं लॅटिनवरून, पण लॅटिननं घालवलेलं धातुसाधित नकळत परत आणलं. भरलेले! आपल्या मराठी पवित्र शास्त्रातही ‘कृपा पावलेल्या स्त्रिये’ आहे. ‘लेला’ आमच्या हाडातच आहे, त्याला ल्यूथर काय करणार आणि जेरोम काय करणार.

फादरांना वर्गात कुणी तरी विचारलं होतं की मग या शब्दावरून मरिया आईच्या गर्भात आल्या क्षणापासून निष्कलंक होती हे सिद्ध होतं का? रोमनं 1854 मध्ये तो सिद्धान्त जाहीर केला, तेव्हापासून दोन्ही बाजू या ‘के’ला धरून ओढताहेत. फादर स्वतः तो सिद्धान्त मानणारे. पण ते म्हणाले, ‘व्याकरण एवढंच सांगतं की झालेलं आहे आणि अजून आहे. केव्हा झालं ते व्याकरणाला विचारायचं नाही. आणि कुणी केलं तेही नाही. कर्मणी आहे, कर्ता लिहिलेला नाही.’ इतकं प्रामाणिक उत्तर मी पुढे बँकेच्या तीस वर्षांच्या नोकरीत कुणा साहेबाकडून ऐकलं नाही.

हो, बँक. एम.ए. झालं, परीक्षा दिली, लागले. पगार होता, स्टाफ क्वार्टर होतं. ग्रीक गेलं, पाठोपाठ संस्कृतही गेलं. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटी एकच वाक्य यायचं, ‘अभ्यास सुटला तुझा.’ त्यात प्रश्न नसायचा. मी ‘हो’ म्हणायचे आणि फोन ठेवायचे. एकदा मात्र मीच फाडकन म्हणाले, ‘तुमच्या अभ्यासानं घराचे हप्ते फिटत नाहीत.’ ते वाक्यही एक प्रकारचं पूर्णकाळातलंच निघालं. उच्चारलं एकदा, पण आहे अजून.

तर त्या दुपारी टाकाऊ कुतूहल म्हणून मी भावाला विचारलं, इथे बोलताना ‘के’ कुठे गेला रे? तो पिरेअसला, अथेन्सच्या बंदरात, जहाज कंपनीत आहे, ग्रीक फर्डं बोलतो. मी म्हटलं, मला इथल्या ‘मेतोखी’बद्दल सांग. धातुसाधिताला ग्रीक वैयाकरणांनी दिलेलं हे नाव. मेतोखी म्हणजे भागीदारी, कारण त्या शब्दाची क्रियापदातही भागी असते आणि नामातही. भावानं टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, ‘कुठल्या कंपनीच्या?’ आजच्या ग्रीकमध्ये मेतोखी म्हणजे शेअर. बाजारात विकतात तो. बँकेतून निवृत्त झालेली बहीण आल्या आल्या शेअर विचारतेय, हे त्याला अगदी योग्य वाटलं होतं.

मग सगळा घोळ निस्तरल्यावर आम्ही तासभर तेच केलं. वहिनीही येऊन बसली. दमलेला म्हणजे ‘कुरास्मेनोस’. लग्न झालेली ‘पान्द्रेमेनी’. हरवलेलं ‘खामेनो’. लिहिलेला, लिहिलेली, लिहिलेलं: ग्रामेनोस, ग्रामेनी, ग्रामेनो. तीन लिंगं अगदी मराठीसारखी, शेपूट तेवढी बदलायची. आणि ‘ते लिहिलेलंच असतं’ म्हटलं की नशीब, हाही अर्थ दोन्हीकडे. जुन्या ग्रीकमध्ये हे ‘गेग्रामेनोस’ होतं. ‘गे’ गेला. जिभेवरच्या भाषेनं अभ्यास टाकला आणि अर्थ ठेवला. पण सगळीकडे टाकला असंही नाही. भावाच्या ऑफिसात दिवसभर ‘देदोमेना’ चालतं, म्हणजे डेटा. शब्दशः ‘दिलेलं’, आपल्या ददाति-ददौमधला तोच धातू. नियतीला म्हणतात ‘पेप्रोमेनो’. कोर्टात एखादा खटला बंद दाराआड चालला तर बातम्यांत ‘केक्लिस्मेनोन तोन थिरोन’ ऐकू येतं, षष्ठी विभक्तीसकट, जसंच्या तसं जुनं. म्हणजे देऊळ, कोर्ट, कचेरी आणि नशीब या ठिकाणी अभ्यास घालून जायचं, घरी आलं की खुंटीला टांगायचा. आपण ‘लिखित स्वरूपात द्या’ म्हणतो आणि घरी ‘लिहिलेलं आण’ म्हणतो, त्यातलाच प्रकार.

याला हसण्यावारी नेऊ नये, असं नंतर वाटलं. या भाषेत बोलीचा शब्द आणि पोथीचा शब्द यांवरून माणसं मेली आहेत. 1901 च्या नोव्हेंबरमध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर दंगल झाली, आठ जण गेले, कारण एका वर्तमानपत्रानं मत्तयाचं शुभवर्तमान बोलीभाषेत छापायला घेतलं होतं. सरकार पडलं, अथेन्सच्या धर्मगुरूंना पायउतार व्हावं लागलं. आजच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमातही पवित्र ग्रंथाचा पाठ बदलू नये आणि चर्चच्या संमतीशिवाय अधिकृत भाषांतर करू नये असं लिहिलेलं आहे. ज्याच्या भाषांतरावरून हे झालं तो अलेक्सान्द्रोस पाल्लिस पिरेअसचा. राली ब्रदर्सच्या पेढीत नोकरी करत तो इंग्लंडात राहिला, आणि मधली काही वर्षं चक्क आपल्या मुंबईत. आमचे बंधुराज मुंबईहून पिरेअसला, तो पिरेअसहून मुंबईला. कापसाच्या गठ्ठ्यांचे हिशेब करणाऱ्या त्या कारकुनी संसारात त्यानं हा अभ्यास सोडला नव्हता, हे भावानं वाचून दाखवलं तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेले.

बोलीत गेल्यानं शब्द हलका झाला, असं मला दुपारी वाटलं होतं. पण तेही पुरतं खरं नाही. लूकच्याही आधीच्या ग्रीक बोधवचनांत, सिराखाच्या पुस्तकात, हाच शब्द पुल्लिंगात येतो: चांगला शब्द आणि देणगी, दोन्ही ‘केखारितोमेनोस’ माणसाकडे सापडतात. तिथे देवदूत नाही, काही नाही. वागायला-बोलायला गोड असा एक माणूस आहे फक्त. म्हणजे यायांचा अर्थ काही वाटेत धुळीत पडलेला नव्हता. तो तिथेच होता, घरचा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राज्ञी इरिनी दुकेनानं बाराव्या शतकाच्या सुरुवातीला संन्यासिनींचा मठ काढला, त्याचंही नाव केखारितोमेनी. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या संन्यासिनीनं दारात आलेल्या पोरीचा गाल धरून काय म्हटलं असेल, याची नोंद कुठल्या पोथीत असणार!

संध्याकाळी यायांनी खाली बोलावलं. त्या सणाला खारवलेला कॉड पिठात बुडवून तळतात आणि बरोबर बटाटा-लसूण घोटून केलेली स्कोर्दालिया देतात. लसूण इतका की डोळ्यांत पाणी. कोकणातल्या माणसाला सुक्या मासळीचं काय कौतुक, पण तो तुकडा बाहेरून कुरकुरीत, आतून पाकळ्या सुटणारा, मी तीन खाल्ले. भाची परकराला हात पुसत होती. भिंतीवर मरियेचं काळपट चित्र, त्याच्यापुढे तेलाची पणती, आणि खालच्या कपाटावर एका मिशाळ गृहस्थांचा फोटो. त्याच्याकडे बोट करून याया म्हणाल्या, ‘ओ सिंखोरेमेनोस.’ मी वहिनीकडे पाहिलं. ‘वारलेल्या माणसाला म्हणतात,’ ती म्हणाली. ‘आपण कैलासवासी म्हणतो ना, तसं. शब्दशः, माफ केलेला.’

माफ केलेला. कर्मणी. कुणी केलं ते लिहिलेलं नाही.

आमच्यात बाबांबद्दल बोलताना ‘गेले’ म्हणतो. तेही मुळात धातुसाधितच. गत या शब्दाला ‘ल’ चिकटून झालेलं. मराठीनं संस्कृतचा सगळा परोक्षभूत सोडून दिला, बभूवचं एक पोरही आपल्या बोलण्यात उरलं नाही, आणि असल्या गेले-मेले-केलेवर आपला संसार चालला आहे. बाबांना ते ठाऊक होतं, तरी त्यांनी कधी मराठीला ‘अभ्यास सुटला तुझा’ म्हटल्याचं आठवत नाही.

यायांनी माझ्या ताटात आणखी एक चमचा स्कोर्दालिया घातली आणि वडील आहेत का, असं विचारलं. एवढं ग्रीक मला समजलं. उत्तर देताना मी मनातल्या मनात रूप चालवलं, पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या समोर उभं राहून चालवावं तसं, आणि म्हटलं, ‘ओ सिंगेखोरिमेनोस.’ मधल्या दुपटीसकट. जुनं, पुस्तकी. याया मान मागे टाकून हसल्या, छातीवर क्रूसाची खूण केली आणि असं आता कुणी म्हणत नाही म्हणाल्या. सावकाश, तोंडाकडे बोट दाखवत, त्यांनी शिकवलं: सिं-खो-रे-मे-नोस.

मी मान डोलावली, आणि पुन्हा चुकीचंच म्हटलं.